जांभळा: निंदेपासून सिंहासनापर्यंत

प्राचीन चिनी विचारात निळा-हिरवा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि काळा हे पाच रंग शुद्ध मानले जात, दिशा व महातत्त्वे यांच्याशी त्यांची सांगड घातलेली असे आणि त्यांच्या मिश्रणातून उपजणाऱ्या रंगांना दुय्यम स्थान मिळे; जांभळा, म्हणजे चिनी भाषेतील ‘त्झ’, हा या दुय्यम रंगांपैकी एक होय. त्याच्या अक्षरात रेशमी धाग्याचे चिन्ह आहे, आणि इ.स. 100च्या सुमारास श्वी शन याने रचलेल्या ‘श्वोवन च्येत्झ’ या कोशातही त्याचा अर्थ निळसर तांबडे रेशमी वस्त्र असाच दिलेला आहे. हा रंग रतनजोतीच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळांपासून काढला जाई.

कन्फ्यूशियसला हा रंग सलत असे, कारण तो तांबड्याची जागा बळकावतो. ‘लुन यू’ या त्याच्या वचनसंग्रहात ही तक्रार दरबारी संगीत बिघडवणाऱ्या सवंग सुरावटींच्या आणि राज्ये उलथवणाऱ्या वाचाळांच्या शेजारी येते, यावरून त्याचा रोख वस्त्रावर कमी आणि खऱ्याचे सोंग घेणाऱ्या खोट्यावर अधिक होता, हे उघड आहे. पुढे वांग मांग याने इ.स. 9मध्ये हान घराण्याचे सिंहासन हिरावले, तेव्हा इतिहासकार बान कू याने त्याच्या सत्तेला जांभळ्याचीच उपमा दिली.

आणि तरीही लोकांना तो हवाच होता. ‘हान फेईत्झ’ या ग्रंथातील कथेनुसार छी राज्याच्या ह्वान या अधिपतीला (इ.स.पू. 685–643) जांभळ्या वस्त्रांचे वेड लागताच सारी प्रजा तोच रंग नेसू लागली आणि साध्या कापडाचे पाच तागे देऊनही जांभळ्याचा एक मिळेनासा झाला; तेव्हा, या रंगाचा वास सहन होत नाही असे दरबारात बोलून दाखवावे, असा सल्ला मंत्री ग्वान चोंग याने त्याला दिला. नीतीच्या उपदेशाने जे साधले नसते ते राजाच्या नाक मुरडण्याने साधले, आणि या रंगाचे पुढील भाग्यही सत्तेच्याच हाती राहिले.

ज्या हान काळात बान कू लिहीत होता, त्याच काळात सर्वोच्च अमात्यांच्या सुवर्णमुद्रेला जांभळी दोरी असे. तांग सम्राट थायत्सोंग याच्या राजवटीत, इ.स. 630मध्ये, तिसऱ्या श्रेणीपासून वरच्या अधिकाऱ्यांना जांभळा झगा ठरवून देण्यात आला. बौद्ध भिक्षूंना भारतातून आलेल्या विनयाने मळकट काषाय नेमून दिले असतानाही सम्राज्ञी वू हिने 690मध्ये काहींना जांभळी चीवरे बहाल केली. ध्रुवाभोवतीच्या तारकाक्षेत्राला, जिथे स्वर्गाधिपतीचा निवास कल्पिला होता, याच रंगाचे नाव होते, आणि त्यावरूनच पेकिंगचा राजवाडा, जो मिंग सम्राट युंगलो याने 1406 ते 1420 या काळात बांधवला, ‘जांभळी निषिद्ध नगरी’ म्हणून ओळखला गेला. त्या मिंग घराण्याचे आडनाव ‘चू’ होते, आणि कन्फ्यूशियसने ज्या तांबड्याची बाजू घेतली होती, त्याचेच ते अक्षर आहे. वाड्याच्या भिंती तांबड्या आहेत, कौले पिवळी आहेत आणि जांभळा आहे तो नावात.