उलटा डोंगर

डोंगर म्हटला म्हणजे तो पायथ्याकडून माथ्याकडे चढावयाचा, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आधीं श्रम, मग शिखर आणि शेवटीं सुखाची उतरण, हा त्याचा नेहमींचा क्रम. बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण भागांत मात्र निसर्गानें हा क्रम फिरविला आहे. तेथें माथा आधीं भेटतो, पायथा मागाहून. आणि चढण थकलेल्या पायांसाठीं राखून ठेवलेली असते. लोणारचें विवर तें हेंच.

दुसरबीड हें गांव सिंदखेडराजाहून मेहकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलें आहे. जिजाऊंचें जन्मस्थान त्याच्या पश्चिमेस, तर लोणार पूर्वेस. पौष महिन्यांत या पठारावर वारा मोठा असतो. कापूस बहुतेक वेंचून झालेला, तुरी वाळत आलेल्या, हरभरा अजून जमिनीलगत. वाऱ्यास अडवील असें शिवारांत कांहींच उरलेलें नसतें. अशाच एका पहाटे आम्ही पांच स्नेही दुसरबीडहून बिबीच्या बाजूनें लोणारास निघालों. मंडळींत एक वकील, एक डॉक्टर, दोघे शेतकरी व सर्वांत वडील असे एक सेवानिवृत्त शाळामास्तर होते. मास्तरांच्या सूनबाईंनीं भाकरी, झुणका व ठेचा अशी शिदोरी बांधून दिली होती. तिच्यांत मास्तरांनीं मुद्दाम मागून घेतलेली हळदीची एक पुडीही होती. ती कशासाठीं, हें मात्र ते सांगेनात.

विवराची कड सभोंवारच्या जमिनीपेक्षां सुमारें २० मीटर उंच आहे. तेथें पोंचतांच वाऱ्यानें आम्हांस अक्षरशः वेढून टाकलें. टोप्या हातांत घ्याव्या लागल्या. शेजारच्याशीं बोलावयाचें तर कानाशीं तोंड न्यावें लागे. आणि पुढ्यांत सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचा, दीडशें मीटरांच्या आसपास खोलीचा तो विशाल कटाह. तळाशीं हिरवट पाण्याचें तळें, भोंवतीं रानाचें कडें.

पुराणकथा म्हणते, येथें लवणासुर राहात असे व विष्णूनें त्याचा वध केला. गांवांतील दैत्यसूदनाचें कोरीव मंदिर त्या कथेचें स्मारक आहे. शास्त्रज्ञांसही या खळग्यानें पुष्कळ काळ कोड्यांत पाडलें. सन १८२३ मध्यें अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्याची नोंद केली. ज्वालामुखीच्या काळ्या खडकांतील हा खळगा ज्वालामुखीचाच असावा, असें दीर्घकाळ मानलें जाई. शेवटीं सन १९७३ मध्यें प्रचंड आघातानेंच निर्माण होणारी कांचसदृश द्रव्यें येथें सांपडल्याचें प्रसिद्ध झालें, आणि हा उल्कापाताचा व्रण असल्याचें निश्चित झालें. वयाबद्दल मात्र मतभेद आहे. एका पद्धतीनें तें सुमारें ५२ हजार वर्षें निघतें, तर दुसरीनें सुमारें ५ लाख ७० हजार!

वाट उतरूं लागलों तों कांहीं पावलांतच वारा मागें राहिला. वरच्या झाडांचे शेंडे हलत होते, पण खालीं पान हलत नव्हतें. तळ्याकांठीं मास्तरांनीं आपली पुडी सोडली. एका वाटींत तळ्याचें पाणी, दुसरींत वाटेवरील झऱ्याचें. दोहोंत चिमूटभर हळद. झऱ्याची वाटी पिवळीच राहिली. तळ्याची पाहतां पाहतां तांबूस झाली. चुन्याच्या योगानें हळदीचें कुंकू होतें हें आपल्या घरांतील स्त्रियांस ठाऊकच आहे. त्याच जातीचा हा क्षाराचा प्रभाव. एकाच विवरांत गोडें व क्षारयुक्त पाणी इतकें जवळ नांदतें, ही गोष्ट मास्तरांनीं एका शब्दानेंही न सांगतां शिकविली.

वकिलांस पुढें कांठाकांठानें जावयाचें होतें. डॉक्टरांनीं मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून घड्याळ काढलें व नाडी पाहिली. "मास्तर, आतां परतावें हें बरें," ते म्हणाले. "तुम्ही मंडळी जाऊन या, मी येथें बसतों," असें मास्तरांचें म्हणणें पडलें. पण त्यांस एकटें ठेवून जाण्यास कोणाचें मन घेईना. वकिलांनींच त्यांची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली व सर्वांनीं चढावयास आरंभ केला. पन्नास पावलें, मग विसांवा. पुन्हा पन्नास पावलें. मास्तरांची धाप वाढली कीं बोलणें बंद होई, आणि मग आमचेंही होई. उतरावयास जेवढा वेळ लागला त्याच्या तिपटीहून अधिक वेळ चढावयास लागला. कडेवर पोंचून पुन्हा तो गार वारा अंगावर आला, तेव्हां मास्तर प्रथम हंसले आणि मग आमची भूक जागी झाली.

शिदोरी खातांना डॉक्टरांनीं तळ्याचा विषय काढला. या तळ्यास बाहेर जाणारा प्रवाह नाहीं. आलेलें पाणी सूर्यानें आटवावें तेवढेंच, आणि क्षार मागें राहावयाचा. सन २०२० च्या जून महिन्यांत पाणी घटून खारटपणा वाढला, तेव्हां सूक्ष्म जीवांमुळें सारें तळें गुलाबी झालें. पुण्याच्या आघारकर संस्थेनें त्याचें कारण शोधलें. त्याच वर्षीं रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची गणना झाली. तरीही गांवचें सांडपाणी येथें उतरूं नये म्हणून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें दाद मागावी लागली, हें विसरतां येत नाहीं. गोडें वा घाण पाणी भलतेंच मिसळूं लागलें, तर हळदीचा तो रंग पालटविणारा गुण कोठवर टिकावा?

वृद्ध मंडळींसह येथें येऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांस आमची एवढीच सूचना आहे: सकाळीं लवकर उतरावें, पाणी बरोबर ठेवावें, आणि अंगांतील निम्म्याहून अधिक शक्ति परतीसाठीं राखावी. आणि कडेवर उभें राहून कांहींही खालीं टाकूं नये. माणसें दमून भागून का होईना, वर येतात. एकदां खालीं गेलेल्या मळास वर येण्याची वाट नाहीं.