गप्प बसलेला तिसरा

पोर्तुगाल-स्पेनच्या नद्यांत वीतभरही नसलेली एक मासळी राहते. शास्त्रज्ञ तिला स्क्वालियस अल्बर्नॉइडिस म्हणतात. ही मूळची दोन जातींच्या संकरातली. हिच्यात पुष्कळांच्या अंगी गुणसूत्रांचे दोन नव्हे, तीन संच असतात. तिघे बोलू लागले म्हणजे दीडपट गलका व्हायचा, असे तुम्हांआम्हांला वाटेल. पण २००८ साली लिस्बनच्या संशोधकांनी काही जनुके तपासली, तेव्हा काम दोन संचांच्या माशाइतकेच चाललेले दिसले. एखादी प्रत गप्प बसते. मात्र एकाच पूर्वजाचा सबंध संच मुका होतो, असे नाही. जनुकागणिक, अवयवागणिक गप्प बसणारा बदलतो.

माझ्यातही असे तीन संच आहेत. आईची मालवणी, वडिलांची वऱ्हाडी आणि शाळेची पुस्तकी मराठी. वर्गात तिसरीचेच राज्य. रागावलो की वडील बोलतात. आई गेली, तेव्हा वाटले होते, तिची बोलीही गेली. पण परवा धाकटी अंगणात पडली आणि तिला उचलताना माझ्या तोंडून आपसूक निघाले, "गो बाय माझे!"