बैठकीतला उतार

मुलगी 13 वर्षांची. स्केटबोर्ड तिला मामूंनी दिला. जाफरनगरच्या गल्लीत दोन दिवस खेळली, तिसऱ्या दिवशी लोकांची बोलणी सुरू झाली. त्यात नागपूरचा मे महिना. शेवटी मीच म्हटलं, बैठकीत रॅम्प करू.

अम्मी रागावल्या. “मुलीचा हातपाय मोडला तर?” मी सांगितलं, 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला मोमिजी निशिया या जपानी मुलीने 13व्या वर्षीच सुवर्णपदक जिंकलं. त्यांनी विचारलं, “तिच्या अम्मीला झोप लागत होती का?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिवाण हलवला. नुसती फळी तिरकी टेकवली तर पायथ्याशी चाक अडकतं. उतार गोलच हवा. 18 मिलिमीटरचा प्लाय फरशीवर आडवा टाकला. 6 फूट दोरीचं एक टोक मी धरलं, दुसऱ्या टोकाला पेन्सिल बांधून तिने कमान आखली. उंची अवघी 2 फूट, तरी साडेचार फूट जागा गेली. दोन बाजूंच्या मध्ये 8-8 इंचांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या. वर 6 मिलिमीटरचा प्लाय दोन थरांत, कारण जाड प्लाय वाकत नाही.

आता अस्रनंतर तासभर घरात चाकांचा आवाज असतो. अम्मी दाराशी खुर्ची टाकून बसतात. परवा ओरडल्या, “अगं, हेल्मेट कुठाय?”