पंचवीस फूट

माझ्या आईचा दमा शेजारच्या तात्यांच्या विडीवर चालायचा. गिरगावातल्या आमच्या चाळीत दोन बिऱ्हाडांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत होती. तिच्यातून फोडणीचा ठसका येई, नवराबायकोचं भांडण येई, आणि पहाटे पाचला तात्यांनी विडी शिलगावली की धूरही येई. पाच मिनिटांत आई उठून बसायची. उशी पोटाशी धरून, ओणवी. मी पाठीवरून हात फिरवत राही. ‘तात्यांना सांगू का?’ असं विचारलं की ती हातानंच ‘नको’ म्हणे. बोलायला श्वास कुठला! पुढे एकदा बरी असताना म्हणाली, “अरे, तुझे वडील गेले तेव्हा दोन महिन्यांचं भाडं कुणी भरलं? आणि त्यांनी विडी ओढायची तरी कुठे? तेवढी एकच तर खोली!”

आईनं माफ केलं, मी नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांबद्दल माझ्या मनात अढी बसली, ती बसलीच.

2019च्या जानेवारीत मी बॉस्टनला मुलाकडे गेलो होतो. त्याच्या घरासमोर म्हाताऱ्या आणि अपंग माणसांसाठी बांधलेली सरकारी इमारत होती. अशा घरांत भाडेकरूच्या मिळकतीच्या साधारण तीस टक्के भाडं घेतात. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तिथे स्वतःच्या खोलीतसुद्धा सिगारेट ओढता येत नाही.” मी खूष! बॉस्टननं आपल्या सरकारी घरांत ही बंदी 2012 सालीच आणली होती. 2016च्या डिसेंबरात अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्यानं देशभरच्या सरकारी घरांसाठी तसा नियम केला आणि जुलै 2018 अखेर तो सगळीकडे लागू झाला. सिगारेट, चिरूट, पाइप, हुक्का, जे जे पेटवून ओढायचं ते घरात नाही, जिन्यात नाही, इमारतीपासून पंचवीस फुटांच्या आतही नाही. धूर भिंतीच्या फटींतून, नळांच्या भोकांतून शेजारी जातो. खिडक्या उघडून नि पंखे लावून तो पुरता अडत नाही, असं तिथल्या सरकारी डॉक्टरांच्या 2006च्या अहवालात आहे. मला अहवालाची काय गरज? मी फळ्यांच्या भिंतीशेजारी वाढलेला.

पण त्या घराला खिडकी होती, आणि मला उद्योग नव्हता.

रोज सकाळी सातला समोरच्या दारातून एक म्हातारा चार पायांच्या आधारकाठीवर रेलत बाहेर पडे. पावलापावलानं दिव्याच्या खांबापाशी येई, सिगारेट पेटवी, अर्धी ओढून विझवी, उरलेली खिशात ठेवी आणि परत फिरे. दिवसातून चार वेळा. बर्फ पडत असलं तरी. एकदा त्याची काठी घसरली, तेव्हा मी छत्री घेऊन धावलो. मग ते रोजचंच झालं.

तो सोळाव्या वर्षापासून ओढत होता. सोडण्यासाठी दंडाला निकोटिनच्या चिकटपट्ट्या लावून झाल्या होत्या. “वरच्या मजल्यावरच्या बाईला दमा आहे,” तो एकदा म्हणाला, “ती म्हणते, आता झोप लागते.” हे त्यानं कुरकुर न करता सांगितलं. भीती त्याला वेगळीच होती. नियम भाडेकराराचाच भाग. पुनःपुन्हा मोडला तर घरच जायचं. आणि ते गेलं तर त्या भाड्यात दुसरं कुठलं मिळणार? पलीकडच्या गल्लीत स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारा माणूस दिवाणखान्यात खुशाल चिरूट ओढत असेल. त्याला कोण विचारतंय?

नियम मला आजही योग्यच वाटतो. पण पंचवीस फुटांपलीकडे एखादा आडोसा, एक बाक ठेवायची त्यात नुसती मुभा आहे, सक्ती नाही. त्या इमारतीनं ठेवला नव्हता. तिथे माझं नि नियमाचं बिनसलं.

निघण्याच्या आदल्या दिवशी वारा माझ्याकडे होता. धूर सरळ तोंडावर आला आणि मला खोकला लागला. त्यानं लगेच विचारलं, “तुम्हांला त्रास होतोय का?”

आईला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. मला बोलवेना. मी हातानंच ‘नाही’ म्हटलं. तरी त्यानं काठी उचलली, दमानं वळत वळत खांबाच्या पलीकडच्या अंगाला जाऊन उभा राहिला, आणि मी छत्री तिकडे धरली.