काचेच्या डोळ्यांचा वाघ

तासगाव, रविवार रात्र.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधले, कातडं चढवून जतन केलेले वाघ पाहून आलो. अशा कामात माझी नजर आधी पापण्यांवर जाते. काचेचा डोळा बसवता येतो, पण पापणीची कड त्याला नीट बिलगली नाही, तर वाघ कायमचा दचकलेला दिसतो. मग कान पातळ आहेत का, ओठ सुकून मागे सरकलेत का, पोटाखालची शिवण केसांत लपलीय का. म्हैसूरचे या कामातले कारागीर व्हॅन इंगेन कागदाच्या लगद्याच्या साच्यावर कातडं चढवत. स्नायूंचा उठाव त्यातूनच यायचा. फाकलेला जबडा लोकांना आवडतो. मला मिटल्या तोंडाचा वाघ जास्त अवघड वाटतो.

असे वाघ बहुतेक शिकारीतूनच यायचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आली, हे फार चांगलं झालं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मीचं केंद्र निघालं, ते मेलेल्या प्राण्यांचं रूप अभ्यासासाठी जपायला. तिथलं काम जवळून पाहायचंय.