झाकण घट्ट लावलेली बरणी

बारावीनंतर मी हरसूल सोडून नाशिकला निघालो, त्या आषाढात आजीने बांधावरच्या मोहाच्या बिया गोळा करून दिल्या. "आजच लाव," म्हणाली. मला हॉस्टेलची बॅग भरायची होती. बिया प्लास्टिकच्या बरणीत भरल्या, झाकण घट्ट लावलं, बरणी फळीवर ठेवली. पुढच्या पावसात लावू. घरात नागली, उडीद वर्षभर राहतातच की!

पुढच्या मे महिन्यात वादळात तो मोह मुळासकट पडला. वाईट वाटलं, पण धीर होता. माझ्याकडे बरणी होती ना.

जूनमध्ये ती उघडली. आत पाणी सुटलेलं, बियांवर बुरशी, खवट तेलाचा वास. त्यातल्या बऱ्या दिसणाऱ्या ४० निवडून पिशव्यांत लावल्या. एकही उगवली नाही. त्याच फळीवर फडक्यात बांधलेलं बहाव्याचं बी चार वर्षं पडून होतं. दगडावर घासून, रात्रभर भिजवून लावलं, तर त्याला कोंब आले. रागच आला त्याचा.

रोपवाटिकेत काम करणारे एक काका म्हणाले, "बहाव्याचं बी झोपलेलं असतं. मोहाचं जागं. जाग्याला तू कोंडून ठेवलंस."

नंतर वाचलं, की ई. एच. रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने १९७३ मध्ये बियांचे असेच दोन गट सांगितले होते. पहिल्या गटातलं बी सुकवता येतं. हॅरिंग्टनचा ढोबळ नियम त्याच्यासाठी: ओलावा १ टक्क्याने किंवा तापमान ५ अंशांनी कमी करा, आयुष्य साधारण दुप्पट. इस्रायलच्या वाळवंटात, मसाडा किल्ल्यात सापडलेली खजुराची एक बी सुमारे २००० वर्षांनी, २००५ मध्ये रुजली! दुसऱ्या गटात आंबा, फणस, जांभूळ आणि आपला मोह. ही बी वाळवली की मरते, फ्रीजमध्ये टिकत नाही. ओली ठेवावी तर ती श्वास घेत असते, आणि हवा कोंडली की माझ्या बरणीसारखं होतं. हातात काही आठवडेच असतात.

आजीला हे सगळं समजावलं. "मग मी काय म्हटलं होतं?" एवढंच बोलली.

यंदा शेजारच्या पाड्यावरच्या मोहाखालून सकाळी बिया वेचल्या, ओल्या फडक्यात आणल्या, संध्याकाळपर्यंत मातीत. अकरा उगवल्या. आजी रोज बघून जाते. पण त्या झाडाची फुलं आपल्याएवढी गोड नाहीत, असं तिचं म्हणणं आहे.