'वृत्' धातूचं गोत

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षेची मुलं शब्दसंग्रहाची पुस्तकं चाळताना नेहमी दिसतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, आणि अशी पानांमागून पानं. रात्री अभ्यासिकेत बसून ती यादी घोकायची आणि सकाळी चहाच्या टपरीवर एकमेकांची परीक्षा घ्यायची. त्या मुलांच्या कष्टांबद्दल मला फार जिव्हाळा वाटतो, म्हणूनच त्या याद्यांचा राग येतो. यादीतला शब्द एकटा असतो. त्याला ना आईबाप, ना भावंडं, ना शेजारपाजार. असा शब्द परीक्षेच्या दिवसापर्यंत कसाबसा टिकतो आणि दुसऱ्या दिवशी निघून जातो.

शब्दाला गोत असतं. नॉर्मन लुइसनं १९४९ साली 'वर्ड पॉवर मेड ईझी' लिहिलं ते हेच सूत्र धरून. आपल्याकडे फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांतही ते हमखास सापडतं. सुरुवातीच्याच प्रकरणांत तो इंट्रोव्हर्ट, एक्स्ट्रोव्हर्ट आणि अँबिव्हर्ट अशी तीन माणसं भेटवतो आणि सांगतो, की या तिघांच्या पोटात लॅटिनमधला 'व्हर्टेरे' आहे, म्हणजे वळणं. आत वळलेला, बाहेर वळलेला, दोन्हीकडे वळणारा. लुइसच्या अमेरिकन वाचकाला लॅटिन परकंच होतं. पण मराठी शाळेतल्या पोरानं 'व्हर्ट' जरा जिभेवर घोळवून पाहावा. वर्तुळ. आवर्तन. निवृत्ती. परिवर्तन. आपला 'वृत्' धातूच तो.

हा योगायोग नव्हे. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं घट्ट आहे, की तिघींचा उगम एकच असला पाहिजे, आणि तो उगम कदाचित आज उरलेलाही नसेल. म्हणजे या बहिणी. संस्कृत आई आणि बाकीच्या लेकी, असं जे आपल्याकडे हौसेनं सांगितलं जातं, ते खरं नाही. नुसत्या सारख्या दिसण्यावरही जाऊ नये. इंग्रजी 'डे' आणि आपला 'दिवस' कितीही भावंडं वाटली तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. दिवसाचं खरं नातं लॅटिन 'दिएस'शी, म्हणजे आपण 'डायरी' म्हणतो त्या शब्दाच्या घराण्याशी.

पण 'वृत्'चं नातं पक्कं आहे, आणि त्याची घरं मोजत बसावं तेवढी थोडी. वर्ष वळून पुन्हा त्याच दिवशी आलं की ॲनिव्हर्सरी. पाठीच्या कण्यातला ज्याच्यावर वळता येतं तो मणका म्हणजे व्हर्टेब्रा. सगळं गरगर फिरू लागलं की व्हर्टिगो. लॅटिनमध्ये 'व्हर्टेक्स' म्हणजे पाण्यातला भोवरा, आणि डोक्यावर केस गोल फिरतात ती जागासुद्धा. आपणही लहान मुलाच्या डोक्यावर हात फिरवत तिथं भोवराच म्हणतो. त्या टाळूवरून 'सर्वांत उंच जागा' असा अर्थ आला आणि पुढे 'व्हर्टिकल' म्हणजे उभा. दोन वाटा एकमेकींपासून वळल्या, त्यातून 'डिव्होर्स' आला. आपण मराठीत 'त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या' असंच तर म्हणतो, आणि गंमत अशी, की आपली 'वाट'ही 'वर्त्मन्'मधून, म्हणजे याच धातूतून आलेली. समईतली वात 'वर्ती'पासून, पिळून वळलेली. दिवाळीतलं उटणं 'उद्वर्तना'चं झिजलेलं रूप. ज्या मुलाला हे एकदा कळलं, त्याला इंग्रजीच्या दारात पाहुण्यासारखं अवघडून उभं राहायचं कारण नाही.

माझा सगळ्यात लाडका शब्द 'व्हर्स'. त्याच्यासाठी शेतात जावं लागतं. बैल नांगराचं तास धरून बांधापर्यंत येतात, तिथं नांगर उचलून त्यांना वळवायचं, आणि शेजारून दुसरं तास धरायचं. लॅटिनमध्ये 'व्हर्सुस' म्हणजे असं वळण, म्हणून तास, म्हणून लिहिलेली ओळ, म्हणून कवितेची ओळ. जी ठरल्या ठिकाणी पोचली की वळते, ती कविता. 'प्रोज' म्हणजे गद्यही याच घरातलं, ते 'प्रो' आणि 'व्हर्सुस' मिळून झालेलं. पुढे वळलेलं, म्हणजे सरळ निघालेलं. पद्य बांधापाशी वळतं आणि गद्य नाकासमोर चालत राहतं. आणि आपण कवितेच्या मात्रागणांना काय म्हणतो? वृत्त. वर्तुळही वृत्त, बातमीही वृत्त. इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही बहिणींनी कवितेचं नाव एकाच धातूवर ठेवलं, हे जेव्हा जेव्हा मनात येतं तेव्हा अंगावर काटा येतो.

मात्र धातू हाती आला म्हणजे शब्द वापरता आला असं नाही. 'ॲडव्हर्स' आणि 'ॲव्हर्स' दोन्ही 'व्हर्टेरे'चेच. पण ॲडव्हर्स असते ती परिस्थिती, हवामान, गोपनीय अहवालातला शेरा. ॲव्हर्स असतो माणूस, ज्याला एखाद्या गोष्टीचं वावडं आहे. 'रिव्हर्ट' म्हणजे मूळ स्थितीला परत जाणं. आपल्या ऑफिसांत मात्र पत्राला उत्तर द्या म्हणायचं तर 'प्लीज रिव्हर्ट' लिहितात, आणि लंडनचा माणूस क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक, इस्त्री कडक. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', वारा 'स्ट्राँग', पण पाऊस 'हेवी'. ही संगत कोणत्याही धातुकोशात नसते. ती वाचूनच अंगवळणी पडते.

म्हणून तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठी जेम्स मरे यांनी जगभरच्या वाचकांना चिठ्ठ्या पाठवायला सांगितल्या. शब्द कुठल्या पुस्तकात, कुठल्या साली, कुठल्या वाक्यात आला, ते लिहून पाठवायचं. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम पुरं झालं १९२८ साली. तोवर मरे हयात नव्हते. त्या कोशात शब्दाखाली नुसता अर्थ सापडत नाही, वेगवेगळ्या शतकांत तो कोणाच्या तोंडी कसा वागला ते सापडतं. मुलांनी आपल्या वहीत अर्थाच्या शेजारी असं एक वाक्य उतरवलं, पेपरातलं, गोष्टीतलं, कशातलंही, तरी याद्या निम्म्यानं हलक्या होतील.

'वीअर्ड'च घ्या. तोही 'वृत्'च्याच कुळातला, पण लॅटिनच्या दारातून न येता जर्मानिक घरातून आलेला. जुन्या इंग्रजीत 'विर्ड' म्हणजे माणसाच्या वाट्याला जे वळून येतं ते, नियती. पुढे शब्द जवळपास विस्मरणात गेला, स्कॉटलंडकडे तेवढा तग धरून राहिला. शेक्सपिअरनं 'मॅकबेथ'मधल्या तीन चेटकिणींना 'वीअर्ड सिस्टर्स' केलं, म्हणजे नियतीच्या भगिनी. त्या भीतिदायक, विचित्र बायका रंगमंचावर पाहता पाहता लोकांच्या मनात शब्दालाच त्यांचा रंग चढला, आणि एकोणिसाव्या शतकात 'विचित्र' हा अर्थ रूढ झाला. आता कॉलेजच्या कट्ट्यावर कुणाचा शर्ट वीअर्ड असतो, कुणाचा स्वभाव. त्यांच्यातल्या एखाद्या मुलीला हा शब्द कुठून वळत वळत आला ते सांगावं. ती दुसरा शब्द आपणहून विचारते, आणि मग तिसरा.